ऐंशीच्या जागी पंच्याण्णव

बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत रंगाईच्या मशीनचे प्रोग्रॅम मी लिहीत असे. आतलं पाणी ऐंशी अंशांखाली आल्याशिवाय झाकण उघडू नये, असा त्यात एक आकडा होता. चाचणीत वेळ जातो म्हणून मी तो पंच्याण्णव केला आणि परत करायचा विसरलो. पुढच्याच पाळीत झाकण उघडलं आणि ऑपरेटरचे दोन्ही हात कढत पाण्याने भाजले. चौकशी होण्याआधी मी पुन्हा ऐंशी लिहून फाइल त्याच नावाने सेव्ह केली. पंच्याण्णवची काही खूण उरली नाही. झाकण त्याने जबरीने उघडलं, असा ठपका बसला. त्याची नोकरी गेली. मी गप्प राहिलो.

निवृत्तीनंतरही लहान कारखान्यांची कामं मी घरून करतो. मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या मुलीने यंदा माझ्या कॉम्प्युटरवर गिट, म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, टाकून दिलं.

"बाबा, फायनल, नवीन फायनल, एकदम फायनल! यातली खरी कोणती, देवाले तरी माहीत आहे का?"

गिरणीच्या दिवसांपासून जपलेल्या माझ्या जुन्या फाइली तिने त्यात नोंदवल्या. काळ्या खिडकीत दोन-तीन शब्द टाइप करून एन्टर मारायला शिकवलं. "आता काहीही बदला. कोणी, कधी, काय बदललं, सगळं राहते. चुकलं तर मागं जाता येते. नेटही लागत नाही." सरावाला तिने नेमकी तीच फाइल उघडली. "एक आकडा बदला."

माझ्या बोटांनी पंच्याण्णव लिहिलं.

पडद्यावर लाल ओळीत जुनं ऐंशी, खाली हिरव्या ओळीत नवं पंच्याण्णव.

"काहून बदलला, ते लिहा. तुमचं नाव अन् वेळ आपोआप लागते."

मी लिहिलं, चाचणीत वेळ जात होता म्हणून.

"कोणती चाचणी?"

हे तेव्हा असतं तर त्या माणसावर ठपका बसला नसता. खरं म्हणजे, तेव्हा मी ते टाकूच दिलं नसतं.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले काय सांगता? त्यांले सांगा."

उमरेडला त्या ऑपरेटरच्या घरी गेलो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. आखडलेली बोटं मांडीवर तशीच होती.

"मी जबरी केली नाही, हे मले माहीतच होतं साहेब. पण घरात कोणी मानलं नाही." मग त्याने आत हाक मारली, "इकडं ये वं! साहेब काय म्हणते, ते ऐक."

त्याची बायको दारात आली. माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"सांगा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."