काट्यावरचा माणूस

आई लोकांच्या रानात तण भांगलायला जायची. घरातला पहिला पदवीधर मी. त्याचा ताठा होता. शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला बोलावलं होतं; तिथल्या लिनक्स सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर, देत होतो. वजनकाट्यावरचा म्हातारा चप्पल बाहेर काढून आत आला, स्क्रीनवरचा नंबर बघून डायरी उघडली आणि म्हणाला, "पावणं, ह्यो नंबर आमच्या काट्याच्या कॉम्प्युटरला हाय की."

"काका, शिकलाय किती?" मी विचारलं. तो डायरी मिटून गेला.

मी तोच नंबर दिला. एकाच पत्त्यावर दोन मशिनं आली आणि काटा बंद पडला. ट्रक खोळंबले. मालक म्हाताऱ्यावरच ओरडला, "परत असं झालं तर घरी बसायचं."

म्हातारा माझ्याकडं न बघता म्हणाला, "पावण्यास्नी सांगायचं माझ्याकडनंच ऱ्हायलं, मालक."

मी सर्व्हरवरचा तो नंबर पुसला.

मोकळा नंबर त्यानंच डायरीतून काढून दिला. सर्व्हर आजही त्याच पत्त्यावर चालतो. कामाच्या कागदावर नाव माझं आहे.