भरल्या गाडीचं माप

सोपानतात्या रिकाम्या गाडीचं माप कधीच घेत नसत. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. बारामतीबाहेर भिगवण रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड, दारात दोन ट्रॅक्टर. मी गाडी उभी केली आणि गिअरबॉक्समधून तेल ठिबकतंय म्हणून सांगितलं. ते गाडीकडे बघेनात. मलाच विचारलं, "गाडीत बसतं कोण कोण?"

"मी. आणि रविवारी आई."

"मग आईला घिऊन या. पोती-बिती टाकत असाल तर ती बी आणा. रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं?"

मी दातांची डॉक्टर. दवाखान्यात माणसं ताटकळलेली, आणि हे मला आई आणायला सांगतायत! तणतणत परत गेले. पण तेल काही ठिबकायचं थांबेना, म्हणून पुढच्या रविवारी अंथुर्ण्याच्या वस्तीवरून आईला आणि ज्वारीच्या दोन पोत्यांना घेऊन मुकाट्याने त्यांच्या दारात हजर झाले.

माझी गाडी साधी नव्हती, हे सांगायला हवं. जुनी घेतलेली जर्मन गाडी, ऑटोमॅटिक, इंजिनाची ताकद पुण्यातून वाढवून घेतलेली. बाईमाणसाला कशाला असली गाडी, असं निम्म्या बारामतीने मला तोंडावर विचारलं होतं. तात्यांनी तेवढं विचारलं नाही. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "झ्याक हाय. दमवा तिला, पर दुखवू नगा."

तात्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडील दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे. हे मात्र लहानपणीच एका ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये अडकले ते कायमचे. "मेंढराचं दुखणं खुरात बघावं, गाडीचं तेलात," असं म्हणायचे. गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या ताटलीत काढायचे, दोन बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. मी एक्सरे बघूनही कधीकधी चुकते. हे वासावरून चुकल्याचं मला माहीत नाही.

आणि कुणाची भीडभाड नाही. एकदा एका कारखान्याच्या संचालकांचा ड्रायव्हर त्यांची उंची गाडी घेऊन आला. तात्यांनी विचारलं, "सायेब कुठं हायत?" ड्रायव्हर म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. "मग मीटिंग झाल्यावर या. वजनदार माणूस हाय, त्यांच्याबिगर माप चुकंल." दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः मागच्या सीटवर पेपर वाचत बसलेले आणि तात्या शेजारी जमिनीवर आडवे, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच राहतं ते पट्टीने मोजतायत, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या गाडीचं दुखणं निघालं चेंबरचं. गिअरबॉक्सच्या बुडाला तेल साठायचं जे भांडं असतं, त्याला आमच्याकडे चेंबर म्हणतात. कंपनीने तो प्लॅस्टिकचा दिलेला. इंजिनाची ताकद वाढवल्यावर तेल तापायला लागलं आणि त्या तापाने त्याची कड वाकली. बदलायचा हे नक्की, पण कोणता? पुण्याच्या एका गाड्या सजवणाऱ्या दुकानदाराने मला फोटो पाठवला. ओतीव अॅल्युमिनियमचा, खोल, बुडाला पंख्यासारख्या पट्ट्या, आरशासारखा चकचकीत. तेल जास्त मावतं, थंड राहतं. तात्या म्हणत होते पोलादाचा घ्या, कंपनीच्याच उंचीचा. तो दिसायला काळा आणि ओबडधोबड, तव्यासारखा. मी अर्थातच चकचकीत मागवला.

तात्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. मला वाटलं, नावं ठेवतील. तर म्हणाले, "माल एक नंबर हाय. वाईट तुमचा रस्ता हाय. पोलादाला ठोकर बसली तर पोचा येतो. ह्याला तडा जाणार. आन् ह्यो लोंबतोय किती बघा."

तरी मी हट्ट केला म्हणून त्यांनी तो बसवला. प्रत्येक बोल्ट काट्याच्या पान्याने, ठरलेल्या जोरावर, जरा कमी नाही जरा जास्त नाही. मग बायकोला हाक मारली. शेडच्या मागेच त्यांचं घर. कौसाबाई परातीतून कणकेचा गोळा घेऊन आल्या आणि दरवेळेसारख्या करवादल्या, "अन्न हाय त्ये! गाडीला कसलं चारताय?" तात्यांनी कणीक चेंबरच्या बुडाला चार बोटं जाड थापली, आईला आणि पोत्यांना गाडीत बसवलं आणि मला म्हणाले, "घरी जाऊन या."

आमच्या वस्तीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये घोट्याएवढा वरंबा. मी हळू, जपून गेले आणि आले. तात्यांनी खाली वाकून पाहिलं. कणीक घासून साफ गेलेली आणि चेंबरच्या पट्ट्यांवर मातीचे ओरखडे.

"उतरवतो मी ह्यो," ते म्हणाले.

आणि मी काय म्हणावं? "तात्या, गाडी माझी आहे. कशी चालवायची ते मला कळतं. किल्ली द्या." डोंबल कळत होतं मला! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि किल्ली दिली.

महिन्याभरात व्हायचं ते झालं. ऊस जोरात तुटत होता, वरंबा आणखी वाढलेला. आई गाडीत. खालून धाडकन आवाज आला. आई म्हणाली, "थांब गं, काहीतरी लागलं." मी थांबले नाही. थांबून खाली बघितलं असतं तर तेल गळताना दिसलं असतं. बारामतीच्या अलीकडे गाडीने मान टाकली. तेलाचा थेंब उरला नव्हता आणि गिअरबॉक्स आतून जळून गेला होता.

आता माझा खरा गुन्हा सांगते. मी त्या पुण्याच्या दुकानदाराला फुटलेल्या चेंबरचा फोटो पाठवला आणि तुमचा माल कच्चा आहे म्हणून भांडले. त्याने गोड आवाजात विचारलं, "बसवला कुणी, मॅडम?" मी तात्यांचं नाव सांगितलं. संध्याकाळी त्याने तो फोटो मोबाईलवरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, सोबत तात्यांच्या शेडची पाटी आणि खाली मजकूर: 'ट्रॅक्टर मिस्त्रीकडून ऑटोमॅटिक उघडून घेतल्याचा परिणाम. बोल्ट नको तेवढे आवळले.' हलकट माणूस! तडा बोल्टांपाशी नव्हताच. तडा बुडाला होता आणि त्या तड्यात आमच्या रस्त्याची माती अडकलेली फोटोतसुद्धा दिसत होती. पण फोटो नीट बघतं कोण? शेकडो माणसांनी खाली हसरे चेहरे आणि अंगठे टाकले. त्यात तात्यांकडून फुकट सल्ला घेऊन गेलेलेही होते.

मला एक ओळ लिहायची होती. 'तात्यांनी नको म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही.' झालं, एवढीच. पण एवढी शिकलेली बाई, ठोकर बसल्यावर गाडी थांबवत नाही, हे त्या टोळक्यासमोर कबूल कोण करणार? आधीच म्हणत होते, बाईमाणसाला कशाला असली गाडी. मी गप्प बसले.

गिअरबॉक्स बदलून झाल्यावर मी पोलादाचा चेंबर घेऊन पुन्हा तात्यांकडेच गेले. निर्लज्जपणाच म्हणायचा. त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. आईला बसवलं, माप घेतलं, चेंबर लावला. शेडमध्ये एकही कार नव्हती, ट्रॅक्टरला लावायचा एक रोटाव्हेटर तेवढा पडला होता. मी म्हणाले, "तात्या, मी ग्रुपवर लिहिणार आहे, खरं काय ते."

ते पान्यावरचं तेल पुसत म्हणाले, "लिवा सवडीनं."

मला सवड झाली नाही. दोन वर्षं! माणसांच्या दाढा काढायला सवड होती, गाडी पळवायला सवड होती. अधूनमधून त्यांच्या शेडवरून जायची. कधी ट्रॅक्टर दिसायचा, कधी तोही नाही. ज्यांची गाडी तेलाच्या वासावरून दुरुस्त व्हायची ते लोक आता पुण्याला जाऊन रांगेत उभे राहत होते. खुशाल राहा म्हणावं! पण त्यांच्यावर चिडायचा मला हक्क काय?

या वर्षी तात्या गेले. शेडमध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या. कऱ्हेकाठी दशक्रियेला गेले. आमच्याकडे अशा वेळी माईक लावून श्रद्धांजलीची भाषणं होतात. एक झालं, दोन झाली. तात्या माळकरी होते, तात्या मनमिळाऊ होते. मनमिळाऊ! संचालकाला मापासाठी गाडीत बसवून ठेवणारा माणूस! गिअरबॉक्सबद्दल कुणी अवाक्षर काढेना. माझ्या मागे दोघं कुजबुजत होते. "चांगलं चाललं व्हतं यांचं. पर ती जर्मन गाडी फोडली बघ, तितनं बसला धंदा."

मी उठले. बायका सहसा त्या माईकपाशी जात नाहीत. निवेदकाने विचारलं, "ताई, आपण कोण?" मी माईक त्याच्या हातातून घेतला.

"ती जर्मन गाडी माझी," मी म्हणाले. "चेंबर मी निवडला. तात्यांनी बसवू नका म्हणून सांगितलं, बसवल्यावर उतरवतो म्हणून सांगितलं. मी ऐकलं नाही. ठोकर बसली तेव्हा मी गाडी थांबवली नाही. तात्यांचा बोल्ट चुकला नव्हता. मी खोटं बोलले नाही, मी गप्प बसले, आणि तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवरचं खोटं खरं मानलंत."

निवेदकाने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. मी कौसाबाईंपाशी जाऊन बसले. पदर तोंडाला लावून त्या नदीकडे बघत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"चांगलं बोललीस, बाई. पर ज्यानं ऐकायचं त्यो दहा दिस झालं गेला."