शिट्टीनंतरची मिठी

सगळे त्याला पक्कड म्हणत. ग्रीको-रोमन कुस्तीत पायांना हात लावायचा नसतो, सगळा खेळ कमरेच्या वरचा, आणि त्याची मिठी एकदा बसली की सुटत नसे. सात वर्षं त्याने अजिंक्यपद हातचं जाऊ दिलं नाही. पण मॅटवर रगडून रगडून कान सुजले आणि हळूहळू ऐकू येईनासं झालं. बायकोखेरीज कुणाला त्याने पत्ता लागू दिला नाही.

आठव्या वर्षी, अंतिम लढतीत पंचाने शिट्टी फुंकल्यावरही त्याने समोरच्या मल्लाला उचलून आपटलं. मल्लाचा खांदा निखळला.

“शिट्टी ऐकली होतीस?” प्रशिक्षकाचा प्रश्न त्याला ओठांवरून कळला. खरं सांगितलं तर खेळ कायमचा संपला असता.

“ऐकली होती. राग आवरला नाही.”

दोन वर्षांची बंदी आली.

“बहिरा म्हटलेलं चाललं नसतं,” बायको त्याच्यासमोर येऊन म्हणाली, “आणि दुष्ट म्हटलेलं चालतं तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला आणि त्या मल्लाच्या खाटेशी बसून सगळं खरं सांगून मोकळा झाला. मल्ल बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. पण त्याचं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे पक्कडला त्यातलं अक्षरही कळलं नाही.