एका ओळीचं निवेदन

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. संघटनेच्या कार्यकारिणीवर मला घेतलं तेव्हा एक सभासद शेजाऱ्याच्या कानात म्हणाले होते, "आता चहा गार होईपर्यंत मीटिंग चालणार." त्यांचं चुकलं. चहा येण्याआधीच भांडण झालेलं असायचं.

ही संघटना ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या छोट्या कारखानदारांची. त्यात लेथवाले, पॅकिंगवाले, रंगवाले आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत अगदी शेवटच्या गल्लीत रबरी वॉशर बनवणारी मी. सरकारकडे काही मागायचं असलं की ठाण्याला नौपाड्यातल्या ऑफिसात जमायचं, निवेदन लिहायचं, ते जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या हातात द्यायचं आणि फोटो काढायचा. निवेदनात प्रत्येकाने आपापली मागणी घालायची अशी रीत होती. कुणाचं गटार, कुणाचा पाण्याचा दाब, कुणाच्या गेटसमोरची कुत्री. एकाचीही गाळली तर तो रुसणार. साहेब ती लांबलचक यादी वाचायचे आणि त्यातलं सगळ्यात सोपं मंजूर करायचे. अशाने आमच्या वसाहतीला दोनदा स्वागत कमान मिळाली. एक ना धड, भाराभर चिंध्या!

माझीही एक मागणी त्या यादीत कुठेतरी तळाला असायची. वसाहतीत बस आणा. नाक्यापर्यंत शेअर रिक्षा येते, पण परतीचं भाडं मिळत नाही म्हणून आत कुणी येत नाही. तिथून पुढे सगळ्या बायका चालत येतात. मी स्कूटरवरून येते, म्हणून मागणी तळाला गेली तरी मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

मग एक दिवस आमची तपासणीवाली माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ही बाई वॉशरवरून नुसतं बोट फिरवते आणि त्यातली खोट काढते. आम्हा बाकीच्यांना भिंग लावूनही ती दिसत नाही. तिच्या हातून गेलेला माल आजवर परत आलेला नाही, आणि त्याच जोरावर माझा कारखाना चालतो.

"मॅडम, दिवाळीपर्यंत येते. मग नाही जमणार."

"अगं, का पण?"

"घरचे बोलतात, संध्याकाळचं एवढं अंधारातून चालत येतेस, काय झालं तर? आणि मला पण आता भीती वाटते. खोटं कशाला बोलू?"

पुढच्या मीटिंगला मी सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "या वेळी निवेदनात एकच मागणी. बस." एकच गलका झाला. आमचे अध्यक्ष सत्तरीचे, शुद्ध बोलणारे, इस्त्रीची घडी न मोडणारे. ते शांतपणे म्हणाले, "ताई, संघटना सर्वांची असते. तुमच्या एकटीसाठी मी इतरांना गप्प कसं बसवू?"

"काका, इथे बसलेल्यांपैकी गाडीशिवाय वसाहतीत कोण आलंय कधी?"

मी माझी वही मिटली.

"मग पुढची मीटिंग नाक्यावर. सकाळी साडेसातला. गाड्या तिथेच लावायच्या."

मला वाटलं दोघं-तिघं येतील. पण कार्यकारिणीतले जवळजवळ सगळे आले, ठाण्याचेसुद्धा. हिची जिरवायची म्हणून आले असतील, पण आले. मागून टँकर हॉर्न वाजवत येत होते, फूटपाथ म्हणून जे होतं त्यावर भंगार पडलेलं, आणि डबे घेतलेल्या बायका एकीमागे एक कडेकडेने भराभर चाललेल्या. त्यांतली एक अध्यक्षांच्याच, म्हणजे माझ्या समोरच्या, कारखान्यातली निघाली.

"साहेब, गाडी बंद पडली काय? या बाजूने चला, तिकडे गटाराचं झाकण नाही."

शेवटच्या गल्लीपर्यंत ती त्यांना असं सांभाळून नेत होती. माझ्या गेटवर पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, ही वीस वर्षं माझ्याकडे आहे. आणि दर महिन्याला मी हिला लेटमार्क लावतो."

खिशातून त्यांनी निवेदनाचा मसुदा काढला, माझ्याच पाठीवर कागद टेकवला आणि एक ओळ सोडून सगळ्यावर काट मारली. कुत्रीवाले सभासद जरा कुरकुरले, पण तेही तोच रस्ता चालून आले होते.

ठाण्याच्या बैठकीत साहेबांनी आमचा कागद हातात घेतला, वाचला, उलटून पाहिला.

"दुसरं पान?"

"नाही, साहेब," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच. सोबत कुठल्या कारखान्याची पाळी किती वाजता सुटते, ते लिहिलंय."

निवडायला काहीच नाही म्हटल्यावर साहेबांना त्या एकाच ओळीवर बोलणं भाग पडलं. नकाशा मागवला. मग त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागी. "शेवटच्या गल्लीत बस वळणार कुठे?"

मी नकाशा माझ्याकडे वळवला आणि गल्लीवरून बोट फिरवलं, बस वळेल एवढी जागा कुठेच नव्हती. दिवाळी डोळ्यांपुढे आली.

"माझ्या आवारात वळेल," अध्यक्ष म्हणाले. "गेट दिवसभर उघडं ठेवतो. लेखी देतो."

ज्या आवारात त्यांनी कधी पाहुण्याची स्कूटर लावू दिली नव्हती, ते आवार! साहेबांनी प्रायोगिक तत्त्वावर बस मंजूर केली. बाहेर व्हरांड्यात येऊन मी एवढ्या मोठ्याने हसले की शिपाई धावत आला. अध्यक्ष मला गप्प करायला निघाले आणि स्वतःच हसत सुटले. जिंकलो होतो आम्ही, आणि ते लपवायचं कशाला?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बस सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी मी स्कूटर कारखान्यातच ठेवली आणि बायकांबरोबर बसमध्ये चढले. प्रत्येक गेटवर बस थांबत होती आणि हसण्याखिदळण्याने भरत होती. आमच्या तपासणीवालीने मला हाक मारून शेजारी बसवलं. तिला काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. नाही म्हणाली असती तर मला तिथेच रडू फुटलं असतं.

नाका जवळ आला तशी ती खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, "मॅडम, तो मोठ्या वॉशरचा लॉट राहिलाय ना, तो दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी काढू. मी जरा लवकर येते."