गंगावयनीचा अनवाणी पाय

कोरगावात गंगावयनी फुगडीला उभी राहिली की बाकीच्या बायका आपणहून भिंतीला सरत. तिच्यासमोर हात धरायला असायची मी, देवकी, तिची शेजारीण. सगळा वाडा तिला वयनी म्हणतो आणि तिच्या तोंडाला भितो. बाजारात अळसांदे, म्हणजे गावठी चवळी, विकताना कुणी फार घासाघीस केली तर टोपली उचलून चालू लागेल, पण भाव उतरवणार नाही.

तीन वर्षांपूर्वी स्कूटर घसरली आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर मला पहिलं काय विचारलं असेल? "आता चवथीक तुझ्यावांगडा कोण फिरतली गो?" पाय गेला तरी हिला चिंता गणपतीतल्या आमच्या फुगडीची! मला रडू फुटलं, तर उलट माझ्यावरच ओरडली.

मग विद्यापीठातून गौरवी आली. खेड्यातल्या माणसांना रोज वापरता येईल असा कृत्रिम पाय बनवायचं तिचं संशोधन. विद्यापीठाने एक वर्षाचं पाठबळ दिलं होतं, पुढचं समिती ठरवणार होती. गंगावयनीला पाय मिळाला. दर पंधरवड्याला प्रयोगशाळेत जाऊन, पायात चपला घालून ती ऐटीत चालून दाखवी. गौरवी खूश!

घरी मात्र वेगळीच तऱ्हा. घरात चपला चालत नाहीत, म्हणून ही बाई उंबऱ्याशी चपलेसकट पायच काढून ठेवी आणि आत कुबड्या घेई! चप्पल काढून पाय घातला की ती मागे कलंडायची. दोष आपलाच, असं समजून गप्प बसली. मी म्हटलं, "गौरवीक सांग." तर म्हणे, "एवढी शिकलेली चेडू, तिका फुगडीचा काय सांगू?" असा संताप आला मला! जगाला तोंड देणारी बाई आणि नेमकी इथे मूग गिळून बसलेली.

समितीपुढे चालून दाखवायच्या दिवशी मी सोबत गेले. सभागृहाच्या दारासमोरच सरस्वतीची तसबीर, तिला झेंडूचा हार. वयनीने दारातच दोन्ही चपला सोडल्या. चार लोकांत पाय काढणार कसा? तशीच आत गेली, तिसऱ्या पावलाला मागे कलंडली आणि मी धरली म्हणून वाचली.

गौरवीचा चेहरा पांढराफटक. समितीचे कृष्णनाथ सर म्हणाले, "पाय नीट बसलेला नाही का?"

"पाय बरो आसा," वयनी कडाडली, "पण तो चपलेचो पाय! देवाफुडे चपला घालून फुगडी घालतत काय? माका घरात चलाक व्हया, नाचाक व्हया!"

गौरवी धावत आली, खाली बसून घोटा चाचपू लागली. "टाच! चपलेच्या उंचीवर बसवलीय मी! वयनी, वर्षभर बोलला का नाहीत हो?" तिच्या डोळ्यांत पाणी, आणि हात मात्र वहीत भराभर आकृती काढतायत. चपलेची उंची आणि अनवाणी, दोन्हींवर बसवता येईल असा घोटा! समितीने दुसऱ्या वर्षाचं पाठबळ दिलं आणि सर म्हणाले, "आता चाचणी यांच्या घरात घ्या." मी आनंदाने टाळ्याच पिटल्या, लाज सोडून.

चार महिन्यांनी चवथ आली. फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली गणपती, पुढे सारवलेली जमीन, भोवती बायकांची ही गर्दी. गौरवी वही घेऊन कोपऱ्यात. वयनीने नवा पाय घातला, अनवाणी पुढे आली आणि हात लांब केले. बोटं गुंतली, पावलं जुळली, दोघी मागे झुकलो.

आणि फिरलो! पाच फेरे, दहा फेरे. बायका ओरडताहेत, गौरवी वही टाकून नाचतेय. माझा श्वास संपला, डोकं गरगरलं. "थांब गो वयनी! थांब!"

"तीन वर्सा थांबलंय मी!" ती ओरडली आणि आणखी जोरात फिरली.