बेटावरच्या घाणबाई

शाळेत आलेल्या प्रत्येक वस्तूचा आमच्या बाई आधी वास घ्यायच्या. पाण्याच्या हंड्याचा, फळा पुसायच्या फडक्याचा, आमच्या हातांचा, केसांचा, आणि एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनी टेबलावर ठेवलेल्या रुमालाचाही. वास पटला नाही की त्यांचा वरचा ओठ डावीकडून थोडा उचलला जायचा आणि त्या एकच शब्द बोलायच्या, "घाण." त्यात राग नसायचा. डॉक्टरनं नाडी धरून ताप आहे म्हणावं, तसं. आम्ही पोरांनी आठवडाभरातच त्यांचं नाव घाणबाई ठेवलं. तोंडावर मात्र नुसतं बाई.

आमची वस्ती म्हणजे धरणाच्या फुगवट्यातलं एक टेकाड. पाणी आलं तेव्हा गाव उठून गेलं, उंचावरची थोडी घरं तेवढी राहिली. अर्धी भोयांची, अर्धी धनगरांची. पावसाळा संपता संपता चारी बाजूंनी पाणी व्हायचं आणि उन्हाळ्यात त्याचा चिखल. आजूबाजूची गावं आम्हाला बेटावरचे म्हणायची आणि म्हणताना नाक मुरडायची. चौथीपर्यंतची दोन खोल्यांची शाळा होती. एका खोलीत मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, दुसऱ्या खोलीत बाई. मोठे गुरुजी आठवड्यातून तीन दिवस यायचे आणि सह्या सहा दिवसांच्या करायचे.

बाई शहरातल्या. थर्माकोलच्या तराफ्यावर त्या पहिल्यांदा बसल्या तेव्हा तराफा माझे वडील, आबा, चालवत होते. उतरताना बाईंचा पाय पोटरीपर्यंत चिखलात गेला आणि चप्पल आतच राहिली. त्यांनी तीन तांबे पाणी ओतून पाय धुतला, वास घेतला, पुन्हा धुतला. रोज असंच यावं लागेल का, असं त्यांनी आबांना विचारलं. पावसाळ्यात याच्याहून वाईट, असं आबांनी सांगितलं. ही बाई महिनाभरसुद्धा टिकायची नाही, असं त्या दिवशी सगळ्या वस्तीचं मत पडलं. त्या चार वर्षं आल्या. पलीकडच्या काठावरच्या गावात त्यांनी खोली घेतली आणि रोज सकाळी ओठ उचलून त्या तराफ्यावर बसायच्या.

हात हुंगण्यावरून माझी माय त्यांच्यावर चिडली होती. मासळी धरणाऱ्याच्या पोरीच्या हाताला काय अत्तराचा वास येणार, असं ती चारचौघींत बोलली आणि ते बाईंपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "मंगल, तुझ्या आईला सांग. मासळीचा वास घाण नसतो. नासलेल्या मासळीचा असतो. तुझ्या घरची ताजी असते, ते मला कळतं." मी घरी जाऊन सांगितलं. त्यानंतर साबणाची वडी माझ्या दप्तरात मायनंच ठेवायला सुरुवात केली.

बाईंच्या शाळेत रोज पहिला तास बातमीचा असायचा. एका मुलानं बेटावरची एक बातमी सांगायची, ती फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायची आणि दिवसभर पुसायची नाही. नियम एकच. स्वतः पाहिलेलं सांगायचं. 'खूप छान', 'मजा आली' असले शब्द चालायचे नाहीत. असलं काही कुणी लिहिलं की बाईंचा ओठ वर जायचा. त्यामुळे आमच्या बातम्या अशा असायच्या: 'बिरूच्या शेळीला तीन करडं झाली. एक मेलं.' 'रोहित पक्षी आले. आम्ही एकशेदहा मोजले, मग ते उडाले.' 'पंधरा ऑगस्टला पाहुणे तराफ्याला घाबरून परत गेले. झेंडा खिचडीवाल्या पारूमावशीनं फडकवला.' एकदा कुणीतरी लिहिलं, 'बाई आज रडल्या.' ती बातमीही दिवसभर फळ्यावर राहिली. का रडल्या ते कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ते लिहिलं नाही.

माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं होतं. चौथीत गेल्यावर फळ्यावर बातमी लिहायचं काम बाईंनी मला दिलं.

त्याच वर्षी खिचडीच्या तांदळाचा ठेकेदार बदलला. नवा ठेकेदार पलीकडच्या काठावरचा. आमच्या वस्तीची मासळीही तोच घ्यायचा. बर्फ त्याचा, काटा त्याचा, टेम्पो त्याचा. त्याचा पहिला तांदूळ आला तेव्हा बाईंनी पोत्यात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. तांदूळ एकमेकांना चिकटून जाळी झालेली, तिच्यात पांढऱ्या अळ्या, आणि मधूनमधून उंदराच्या लेंड्या. वास ओल्या गोणपाटाचा. आजही तो आठवला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, मळमळायच्या आधी सुटतं तसं. बाईंनी पोतं परत न्यायला सांगितलं. ठेकेदार हसत म्हणाला, "बाई, बेटावरची पोरं हायेत ती. कायबी खातेत. त्यांना काय होतंय?"

बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या वेळी त्या 'घाण' म्हणाल्या, ते तांदळाकडे पाहून नव्हे. ठेकेदाराचं हसू गेलं. पोतं परत गेलं, आणि ती गोष्ट तो विसरला नाही.

पौष महिन्यात बाईंना तालुक्याला आठवडाभराच्या प्रशिक्षणाला बोलावलं. सोमवारीच ठेकेदाराची दोन पोती तराफ्यावरून आली आणि मोठ्या गुरुजींनी उतरवून घेतली. खिचडी शिजवणाऱ्या पारूमावशीनं त्यांना सांगितलं, याला वास मारतोय. हळद-तिखट जास्त टाक, असं गुरुजींनी तिला सुनावलं. ती गरीब विधवा बाई, तिनं टाकलं.

पंगत बसली. ताट पुढ्यात आलं तसा मला वास आला. मसाल्याच्या खालून तोच ओल्या गोणपाटाचा. बाईंनी चार वर्षं नाक तयार केलं होतं माझं. मी घास उचलला नाही. पण मोठे गुरुजी हातात रूळ घेऊन पंगतीतून फिरत होते. अन्न टाकणाऱ्याला त्यांनी उभं केलं होतं. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण छबी बसली होती, पहिलीतली. तिला खिचडी आवडायची. मी माझं ताट तिच्याकडे सरकवलं. तिनं दोन्ही ताटं साफ केली.

संध्याकाळपर्यंत वस्तीतली तेवीस पोरं ओकत होती. घराघरांतून तोच आंबूस दर्प. छबीला सगळ्यांत जास्त झालं. तिचे डोळे आत गेले, हात गार पडले, आणि आबांनी तिला तराफ्यावर आडवी टाकून पलीकडे नेली. तालुक्याच्या दवाखान्यात तिला तीन दिवस सलाइन लावलं. ती वाचली. मी ते ताट सरकवल्याचं घरी कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी चौकशीला साहेब येणार असं कळलं. मोठ्या गुरुजींनी मला सकाळीच बोलावलं, खडू हातात दिला आणि सांगतील तसं फळ्यावर लिहायला लावलं. मी लिहिलं: 'मुलांनी घरून आणलेली शिळी मासळी खाल्ल्यामुळे त्यांना उलट्या झाल्या.' खाली रंगीत खडूनं रेघ मारायला सांगितली. मारली. साहेब आले, फळा वाचला, कागदावर काहीतरी टिपलं आणि अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. गुरुजींनी मला पुढं केलं. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिशातून चॉकलेट काढून दिलं. माझी बहीण दवाखान्यात होती, माझ्या मायच्या हातच्या मासळीवर मी आळ लिहिला होता, आणि मी ते चॉकलेट खाल्लं. गोड लागलं. स्वतःची किळस म्हणजे काय, हे मला दहाव्या वर्षी कळलं ते असं.

बाई प्रशिक्षण अर्धवट टाकून गुरुवारी आल्या. फळा तसाच होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे अक्षर तुझं आहे. तू पाहिलंस?"

मी नाही म्हणाले. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. वास आल्याचं, ताट सरकवल्याचं, चॉकलेटचं, सगळं सांगून टाकलं. मी त्यांच्या ओठाकडे पाहत होते. तो उचलला गेला. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, पोर आहेस, चालायचंच, असंही म्हणाल्या नाहीत. वळून त्यांनी खडू माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "मग पाहिलंस ते लिही."

मी जुनं पुसून लिहिलं. 'सोमवारी खिचडीला घाण वास होता. मी खाल्ली नाही. माझी छबीला दिली.' त्यांनी त्यात एक अक्षर घातलं नाही की काढलं नाही. तेच कागदावर उतरवून घेतलं, कोठीतला मूठभर तांदूळ फडक्यात बांधला आणि तालुक्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बातमीच्या तासाला त्या म्हणाल्या, आज बातमी मी सांगते. त्यांनी साहेबांच्या टेबलावर फडकं सोडलं होतं. अळ्या फायलींवर चालायला लागल्या तसे साहेब खुर्ची मागं सारून उभे राहिले आणि ही घाण आधी उचला म्हणाले. "मी उचलली नाही," असं सांगून बाई खाली बसल्या. आम्हाला फार आनंद झाला. एवढ्यानं सगळं निकालात निघालं असं आम्हाला वाटलं.

पंधरा दिवसांनी बाईंविरुद्ध अर्ज गेला. तो ठेकेदारानं लिहून आणला होता आणि खाली सह्या, अंगठे आमच्या वस्तीचे होते. बाई मुलांना घाण म्हणतात, त्यांचे हात हुंगतात, आमच्या जातीचा, धंद्याचा अपमान करतात, असं त्यात होतं. त्यातलं अर्धं तर खरंच होतं. तेच त्या अर्जाचं सगळ्यांत ओंगळ अंग. ठेकेदारानं दोन दिवस वस्तीची मासळी घेतली नव्हती. ती उन्हात सडत पडली होती आणि सगळ्या बेटाला वास सुटला होता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी अंगठे दिले. आबांनीही दिला. ज्याची पोर तीन दिवस सलाइनवर होती त्यानं. माय चुलीपाशी बसून होती, तिनं वर पाहिलं नाही.

बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. निघायच्या दिवशी त्यांनी सगळ्यांची नखं पाहिली, हजेरी घेतली आणि भाषण न करता काठाकडे चालू लागल्या. आम्ही मागे गेलो. वस्तीतलं मोठं माणूस एकही आलं नाही. आबा तराफ्यावर उभे होते, कारण तराफा त्यांचा होता.

मोठे गुरुजी पुढं निवृत्त झाले तेव्हा त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ठेकेदारानं स्वतःच्या हातानं त्यांना पेढा भरवला. तो फोटो शाळेच्या भिंतीवर मी बघितला आहे. दोघांच्या दातांना पेढा लागलेला आहे.

मी लग्न होऊन शहराबाहेरच्या बजाजनगरला आले. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये धान्य तपासून घ्यायचं काम करते. बाईंचं माहेर शहरात गुलमंडीमागच्या गल्लीत आहे एवढं माहीत होतं. बरीच वर्षं आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. गेल्या साली गेले, तर त्यांच्या भाच्यानं दार उघडलं. आत्या दोन दिवाळ्यांपूर्वी गेली म्हणाला. मी कोण हे त्यानं विचारलं. विद्यार्थिनी म्हणायला जीभ रेटेना. ओळखीची, असं सांगून परतले.

आबा आता माझ्याकडेच असतात. त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, बाई गेल्या. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. बाईंना तराफ्यावरून सोडल्याच्या दिवसाबद्दल इतक्या वर्षांत त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणाले, "पल्याड नेईपर्यंत ती एक शबूद बोलली नाय. मलाबी तोंड नव्हतं. उतरताना म्हनली, धाकटी जेवती का आता? म्या व्हय म्हनलं. तर म्हनली, दोन महिने तिला तिखट देऊ नका, आतडं कवळं असतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नाय दिलं."

मी आत जाऊन त्यांचं ताट वाढलं. त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि मीही जेवा म्हणाले नाही.