दिवा बक्षीस नव्हता

कुंभकोणमच्या एका मुलींच्या हायस्कूलात मी पी.टी. शिकवते. शिट्टी गळ्यात असते, पण वर्षातले निम्मे दिवस मी मैदानावर नसतेच, कागदांत असते. मुलींना खेळायचं तर आधी झोन, मग जिल्हा, मग विभाग आणि शेवटी राज्य. प्रत्येक पायरीवर नवी समिती, नवा फॉर्म. परिपत्रक दुपारी व्हॉट्सॲपवर पडतं आणि पोर्टल त्याच संध्याकाळी बंद होतं. फोटोमागचा पडदा पांढरा हवा की निळा, हे दरवर्षी कोण ठरवतं, मला आजवर कळलेलं नाही. हे नियम करणाऱ्यांपैकी कुणी शेवटचा चेंडू कधी मारला होता, असं एकदा भर बैठकीत विचारून बसले होते. तेव्हापासून मला बैठकीत मागच्या रांगेत बसवतात.

आमचा खेळ बॉल बॅडमिंटन. पिवळा लोकरीचा चेंडू, एका बाजूला पाच जणी. तमिळमध्ये त्याला पूपंदु म्हणतात, फुलांचा चेंडू. हा खेळ तंजावरच्या राजवाड्यात सुरू झाला, असं आमची मंडळी छाती फुगवून सांगतात. आमची मंडळी म्हणजे इथली मराठी घरं. घरात अजून आमचं ते जुनं मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याकडची एक पाहुणी माझं बोलणं ऐकून म्हणाली होती, किती गोड, अगदी जुन्या पोथीतल्यासारखं. मला राग आला होता. मी पोथी नाही, मला घरी कुकर लावायचा असतो.

वर्षातून एकदा आम्ही सगळे पट्टीश्वरमच्या वाटेवरच्या एका कल्याणमंडपात, म्हणजे मंगल कार्यालयात, जमतो आणि जेवणाआधी पूपंदुचा एक सामना होतो. पूर्वी काका-मामांच्या दोन फळ्या असत. आता काकांचे गुडघे गेले आणि त्यांची मुलं परदेशातून फक्त व्हिडिओ कॉल करतात. दोन वर्षांपूर्वी एकच फळी उभी राहिली. समोर कुणी नाही. मी फुशारकीत म्हणाले, माझ्या शाळेची टीम आणते.

त्या टीमची कॅप्टन बारावीत होती, नाचियारकोविलहून रोज बसनं यायची. तिचे वडील तिथल्या पितळी दिव्यांना पॉलिश करतात. अंगानं बारीक, पण नेटजवळ चेंडू असा थोपवायची की समोरच्या मुली एकमेकींकडे बघत राहायच्या. तिची एक सवय होती, प्रत्येक गोष्टीला कागद मागायची. त्या वर्षी ती राज्यापर्यंत पोचली असती तर तिथल्या प्रमाणपत्रावर कॉलेजात खेळाडूंच्या जागेतून प्रवेश मिळाला असता. शिकायचं ते त्यावरच, असं घरात ठरलं होतं. ते तिचं शेवटचं वर्ष. मला हे सगळं माहीत होतं.

रविवारचं आमंत्रण दिलं तेव्हाही तिनं विचारलं, "टीचर, शाळेचं लेटर लागेल ना?"

मी हसले. आमंत्रणासाठी माझ्याबरोबर शाळेत आलेले थोरले काका शेजारी उभे होते, सामन्याची हौस त्यांचीच. त्यांना मी मराठीत सांगितलं, तर ते म्हणाले, "घरचें खेळ, अस्कीं आपलींच. ह्याला कशाला कागद?"

ते मी तिला तमिळमध्ये जसंच्या तसं सांगितलं. घरचंच आहे गं, सगळी आपलीच माणसं, चल.

दहा जणी आल्या. त्यांच्याकडे खेळायला दुसरे कपडे नव्हते, म्हणून शाळेची जर्सी घालून आल्या. काकांनी हौसेनं मागे फलक लावला होता, 'चषक सामना'. चषक कुठे होता? नव्हताच. मुलींनी काकांच्या फळीला धुऊन काढलं, काकांनीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. निघताना काकूंनी प्रत्येकीला कुंकू लावून विडा आणि केळं दिलं. घरात आलेल्या पोरीला आमच्याकडे कुणी रिकाम्या हातानं पाठवत नाही. काकूंकडे एक नवा छोटा दिवा होता, तो त्यांनी सगळ्यांत मोठी म्हणून कॅप्टनच्या हातात ठेवला. तिनं तो उलटा करून पाहिला आणि लाजून म्हणाली, "हा आमच्याच गल्लीतला आहे." त्याच क्षणी कुणीतरी फोटो काढला. बाकीच्या मुली केळी खात पाठमोऱ्या होत्या.

तो फोटो फिरत फिरत दुसऱ्या एका शाळेच्या हातात पडला आणि तक्रार झाली. नियम असा: परवानगीशिवाय, शाळेच्या वेशात, मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळून बक्षीस घेतलं तर त्या वर्षापुरतं बाद. मला तंजावरला समितीपुढे बोलावलं. टेबलामागे तिघे बसले होते. मधल्या साहेबांनी फोटो पुढे सरकवला.

"हा चषक कोणत्या संघटनेचा?"

"साहेब, ते आमच्या नातेवाइकांचं संमेलन होतं."

"बक्षीस दिसतंय ना हातात?"

"ते बक्षीस नाही. घरी आलेल्या मुलीला दिवा दिला."

"बाकीच्यांना काय दिलं?"

"विडा, केळं, कुंकू."

"म्हणजे कॅप्टनला वेगळं दिलं. म्हणजे बक्षीसच." आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबही याच मुलखातले, त्यांच्या घरीही विडा देत असतील. पण टेबलामागे बसलं की माणसाला आपलं घर आठवत नाही, असं मला तेव्हा वाटलं. मी तसं बोलणार होते. पण साहेबांनी आवाज उतरवून, अगदी मदत करायच्या सुरात सांगितलं: मुलींना तुम्हीच नेलं असं लिहिलंत तर शाळा जबाबदार, सगळी टीम बाद. ती मुलगी आपल्या मनानं, न विचारता गेली असं लिहिलंत, तर फोटोत चेहरा एकीचाच आहे. बाकीच्या नऊ जणी खेळतील.

शाळेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एकीसाठी नऊ जणींना बुडवणार का?" मी तिला बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिहा, टीचर." मला तेच ऐकायचं होतं, हे आज कबूल करते. तिनं नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मी लिहिलं, 'शिक्षिकेला न विचारता', आणि खाली सही केली.

नऊ जणी विभागापर्यंत गेल्या. नेटजवळ भोक पडल्यासारखं झालं होतं, दुसऱ्याच सामन्यात हरल्या. ती बघायला आली होती. बाद खेळाडू मैदानाच्या आवारात चालत नाही, असं सांगून एका स्वयंसेवकानं तिला कुंपणाबाहेर काढलं. तो पूर्ण सामना तिनं गेटच्या जाळीतून पाहिला.

पुढच्या आठवड्यात ती खेळाच्या खोलीत आली. समितीच्या आदेशाची प्रत तिच्या घरी गेली होती. टीचरनं बोलावलंय, असं सांगून ती त्या रविवारी घरून निघाली होती, आणि आता सरकारी कागद म्हणत होता की तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. वडील तिच्याशी बोलत नव्हते. खेळ बंद, कॉलेजचं नावही काढायचं नाही, खोटं बोलणाऱ्या मुलीला बाहेरगावी कोण पाठवेल?

"टीचर, मी विचारलं होतं. एवढंच लिहून द्या. कुठे द्यायचं नाहीये, फक्त अप्पांना दाखवायचंय."

मी तिथल्या तिथे लिहून दिलं. तिनं कागद वाचला, मग खालची मोकळी जागा पाहिली. "शिक्का?"

शिक्का मुख्याध्यापिकांच्या कपाटात होता आणि या कागदावर त्या तो मारणार नव्हत्या. म्हणून मीच तिच्याबरोबर नाचियारकोविलच्या बसमध्ये बसले. कारखान्यात तिचे वडील पितळेच्या धुळीत बसले होते. मला पाहून उठले, हात पुसले, स्टूल दिलं. मी सांगितलं की तिनं विचारलं होतं, मीच तिला नेलं होतं. त्यांनी माझा कागद सावकाश वाचला. मग कोनाड्यातल्या आपल्या पिशवीतून समितीचा आदेश काढला. त्याला माझा जबाब जोडलेला होता.

"टीचर, ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"माझीच."

त्यांनी दोन्ही कागद नीट घडी घालून माझ्या हातात परत दिले. मग पहिल्यांदाच मुलीकडे बघून म्हणाले, "टीचरना पाणी आण."